मुभा आणि हक्क: बाजार खुला झाला म्हणजे राजकारण खुलं होतं का?

४ जून १९८९, रविवार. पोलंडमध्ये लोक मतदानाला निघाले होते. त्याच दिवशी पहाटे बीजिंगमध्ये लष्कराने तियानआनमेन चौक रिकामा केला होता आणि चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर रात्रभर गोळीबार झाला होता. दोन्हीकडे सत्ता कम्युनिस्ट पक्षाची, दोन्हीकडे आर्थिक सुधारणांची भाषा कित्येक वर्षं चाललेली. फरक असा, की चीनच्या सुधारणांना फळं धरली होती आणि पोलंडच्या पार फसल्या होत्या. बाजार आला की मध्यमवर्ग येतो आणि मध्यमवर्ग आला की तो राजकीय हक्क मागून घेतो, ही साखळी इतकी सरळ असती, तर त्या रविवारी मतपेट्या बीजिंगमध्ये दिसायला हव्या होत्या.

गोंधळ होतो तो दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. सत्तेने स्वतःची पकड सैल करणं ही एक गोष्ट. सत्तेचे हात बांधले जाणं ही दुसरी. पहिलीला मुभा म्हणू, दुसरीला हक्क. रस्त्यावरच्या माणसाला दोन्ही सारख्याच वाटतात: दुकान टाकता येतं, गाव सोडून शहरात जाता येतं, हवे तसे कपडे घालता येतात, परदेशी सिनेमा बघता येतो. सत्तेचं मन फिरलं की मगच कळतं, आपल्या हातात नक्की काय होतं.

आपल्याकडे ही गल्लत जास्त होते, असं मला वाटतं. १९९१ साली भारतात परमिट राज मोडायला सुरुवात झाली तेव्हा निवडणुका, न्यायालयं, वर्तमानपत्रं आधीपासून होती. त्यामुळे बाजार आणि स्वातंत्र्य शेजारी शेजारी नांदताना बघायची आपल्याला सवय आहे आणि एकामुळे दुसरं येत असावं असं सहज वाटून जातं. कम्युनिस्ट देशांकडे पाहताना ही सवय बाजूला ठेवावी लागते.

चीनपासून सुरुवात करू. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग नावाच्या गावात १८ कुटुंबांनी एक गुप्त करार केला. सामूहिक शेती कागदावर चालू ठेवायची, प्रत्यक्षात जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारी वाटा भरायचा आणि उरेल ते आपलं. खाली अंगठे उमटवले. त्या करारात आणखी एक अट होती: यापायी गावच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं, तर बाकीच्यांनी त्यांची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. शेत वाटून घेण्यासाठी आधी पोरांची सोय लावून ठेवावी लागत होती. पीक भरघोस आलं, वरच्यांनी डोळेझाक केली, मग पाठिंबा दिला आणि काही वर्षांत हीच पद्धत देशभर झाली.

पण सातबारा काही शेतकऱ्याच्या नावावर झाला नाही. जमीन गावाच्या सामूहिक मालकीचीच राहिली. शेतकऱ्याला मिळाला तो कसण्याचा करार, आधी १५ वर्षांचा, नंतर ३० वर्षांचा. पुढे शहरं पसरू लागली तेव्हा स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याच जमिनी घेऊन बिल्डरांना दिल्या आणि मोबदल्यावरून गावोगावी भांडणं पेटली. मुभा कसण्याची होती. नाही म्हणण्याचा हक्क कोणी दिलाच नव्हता.

त्याच हिवाळ्यात बीजिंगमध्ये शिदान भागातल्या एका भिंतीवर लोक हाताने लिहिलेले कागद चिकटवत होते. वेई जिंगशेंग हा प्राणिसंग्रहालयात काम करणारा इलेक्ट्रिशियन. सरकार शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान अशा चार आधुनिकीकरणांच्या गोष्टी करतंय, पण पाचवं आधुनिकीकरण म्हणजे लोकशाही, ते नसेल तर बाकीची चार पोकळ आहेत, असं त्याने डिसेंबर १९७८ मध्ये त्या भिंतीवर लिहिलं. मार्च १९७९ मध्ये त्याला अटक झाली आणि त्याच वर्षी १५ वर्षांची शिक्षा. अटकेच्या सुमारासच चीनचे तेव्हाचे सर्वांत ताकदवान नेते डंग शियाओपिंग यांनी चार मूलभूत तत्त्वं जाहीर केली; त्यातलं खरं महत्त्वाचं एकच, पक्षाचं नेतृत्व. शेतकऱ्याला सूट आणि इलेक्ट्रिशियनला तुरुंग, दोन्ही एकाच नेतृत्वाचे निर्णय, काही महिन्यांच्या अंतराने.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते. चीनच्या १९७८ च्या संविधानात संपाचं स्वातंत्र्य आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत मत लिहून लावण्याचा अधिकार, दोन्ही लिहिलेले होते. माओच्या काळातून आलेली ती कलमं, प्रत्यक्षात त्यांचा उपयोग कसा झाला ते सोडा. १९८० मध्ये भिंतीवर लिहिण्याचा अधिकार काढला. १९८२ च्या नव्या संविधानातून संपाचं स्वातंत्र्य गेलं. शेन्झेनसारखे विशेष आर्थिक विभाग उभे राहत होते, परदेशी कारखानदारांना बोलावणं धाडलं जात होतं, नेमक्या त्याच काळात कामगाराच्या हातातलं कागदावरचं हत्यार काढून घेतलं गेलं. सुधारणा आणि हक्क हे सोबती असतातच असं नाही. कधी एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याला घराबाहेर काढतात.

याचा अर्थ चीनमध्ये काहीच बदललं नाही असं नव्हे. तसं म्हणणारे मला जितके चुकीचे वाटतात तितकेच दुसऱ्या टोकाचेही. रेशनची कुपनं गेली. कोट्यवधी लोक गावं सोडून शहरांत कामाला आले. लग्नासाठी कामाच्या ठिकाणाहून पत्र आणावं लागायचं, तो नियम २००३ मध्ये गेला. त्याच वर्षी ग्वांगझौमध्ये शहरात राहण्याच्या परवान्याचे कागद जवळ नव्हते म्हणून पकडलेल्या सुन झिगांग या तरुणाचा कोठडीत मारहाणीने मृत्यू झाला, वर्तमानपत्राने ते छापलं, तीन तरुण कायदेतज्ज्ञांनी अर्ज केला आणि बाहेरगावच्या माणसाला असं डांबून ठेवण्याची पद्धतच सरकारने रद्द केली. तेव्हा अनेकांना वाटलं, हीच ती वाट. त्या तिघांपैकी शू झियोंग यांना २०१४ मध्ये चार वर्षांची आणि २०२३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. पद्धत गेली ती गेलीच. पण ती घालवण्यासाठी संघटित होण्याचा हक्क मात्र तयार झाला नाही.

मग मध्यमवर्गाचं, उद्योजकांचं काय? सिद्धांतात तेच नायक होते ना! चिनी पक्षाने त्यांच्याशी भांडण काढलंच नाही. १ जुलै २००१ रोजी पक्षाचे तेव्हाचे प्रमुख जियांग झमिन यांनी खासगी उद्योजकांना पक्षाची दारं उघडली. ज्याला जमीन, कर्ज, परवाना, कंत्राट हे सगळं पक्षाच्या माणसांकडूनच मिळवायचं आहे, तो त्यांच्याविरुद्ध मोर्चा कशाला काढेल? तो सदस्यत्वाचा अर्ज भरेल. आणि कोणी डोईजड झालाच, तर तो उपायही आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अलीबाबा कंपनीचे संस्थापक जॅक मा यांनी शांघायमध्ये जाहीर भाषणात बँकिंग नियामकांवर टीका केली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या अँट ग्रुप या वित्तीय कंपनीची शेअर विक्री, जगातली तोवरची सर्वांत मोठी ठरणार होती ती, नोंदणीला दोन दिवस उरले असताना थांबवली गेली. अब्जावधींची संपत्ती होती. एका भाषणापुरतंही संरक्षण नव्हतं.

आता पोलंड, जिथे क्रम जवळजवळ उलटा आहे.

तिथे सुधारणांच्या नावाखाली सरकार अधूनमधून एकच गोष्ट करायला बघायचं: खाण्यापिण्याच्या वस्तूंचे भाव वाढवायचे. १९७० मध्ये वाढवले, बंदरांच्या शहरांत गोळीबार झाला. १९७६ मध्ये वाढवले, संप झाले आणि दरवाढ मागे घ्यावी लागली. १९८० मध्ये मांसाचे भाव वाढवले आणि संपांची लाट ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यापर्यंत पोचली. संपकऱ्यांच्या २१ मागण्यांत पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र कामगार संघटना हवी, ही होती. ३१ ऑगस्टला सरकारने करारावर सही केली आणि ‘सॉलिडॅरिटी’ जन्माला आली. बघता बघता तिचे सुमारे एक कोटी सदस्य झाले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, नेते तुरुंगात गेले, संघटनेवर बंदी आली. पण एकदा अशी संघटना उभी राहिलेली लोकांनी पाहिली होती. शिवाय कॅथलिक चर्च होतं, ज्याच्या पायऱ्या पक्षाच्या ताब्यात नव्हत्या.

नोव्हेंबर १९८७ मध्ये सरकारने आर्थिक सुधारणांवर चक्क सार्वमत घेतलं आणि ते पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा संप. डिसेंबर १९८८ मध्ये याच सरकारने खासगी धंदा जवळपास पूर्ण मोकळा करणारा कायदा केला. इथपर्यंत चीनच्या जवळ जाणारं चित्र. पण तिजोरी रिकामी, परदेशी कर्ज डोक्यावर, आणि महागाईचा पुढचा घास लोकांच्या घशाखाली उतरवायचा तर कोणाची तरी संमती लागणार. ती संमती देऊ शकणारी एकच संघटना होती, तीही बंदी घातलेली. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ मध्ये सॉलिडॅरिटीशी गोलमेज चर्चा झाली. संसदेच्या खालच्या सभागृहातल्या ४६० पैकी फक्त १६१ जागा खुल्या ठेवायच्या, सिनेट या नव्या वरच्या सभागृहाच्या १०० जागा मात्र सगळ्या खुल्या, असा सौदा ठरला.

मतदानाची पद्धत अशी, की मतपत्रिकेवर जे उमेदवार नको असतील त्यांची नावं खोडायची. लोकांनी रकानेच्या रकाने खोडले. पक्षाचे बडे नेते ज्या राष्ट्रीय यादीवर होते, जिथे प्रतिस्पर्धी उमेदवारच नव्हता, तिथेही बहुतेकांना निम्मी मतं मिळाली नाहीत. दोन फेऱ्यांनंतर सॉलिडॅरिटीकडे १६१ पैकी १६१ आणि सिनेटच्या ९९ जागा. ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे ताद्युश माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. आणि खरी मोठी आर्थिक सुधारणा, किमती आणि चलन मोकळं करणारी, १ जानेवारी १९९० ला सुरू झाली. आधी राजकारण खुलं झालं, मग बाजार.

अर्थात सोव्हिएत नेते गोर्बाचोव्ह रणगाडे पाठवणार नाहीत हा अंदाज नसता तर यातलं किती झालं असतं, हा प्रश्न उरतोच. खुद्द सोव्हिएत संघातही गाडी उलट्या दिशेने गेली होती. आर्थिक बदल पक्षयंत्रणेत अडकून पडू लागले तेव्हा गोर्बाचोव्ह यांनी वृत्तपत्रं सैल सोडली आणि मार्च १९८९ मध्ये काही प्रमाणात खरी चुरस असलेली निवडणूक घेतली, म्हणजे यंत्रणेला खालून धक्का बसावा. दुकानं रिकामी होत गेली आणि संसदेतली भाषणं थेट प्रक्षेपणात लोक कामं सोडून ऐकत राहिले. भाकरीच्या आधी भाषण आलं. त्या देशाचं पुढे काय झालं हे आपण जाणतोच, आणि नेमका तोच धडा बीजिंगच्या नेत्यांनी घोकून पाठ केला.

जुनं उदाहरणही आहे. मार्च १९२१ मध्ये लेनिनच्या पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात शेतकऱ्यांचं धान्य सक्तीने उचलणं बंद करून कर लावायचा आणि छोट्या व्यापाराला वाट द्यायची, असं ठरलं. त्याच अधिवेशनात पक्षातल्या गटांवर बंदी घातली गेली आणि त्याच दिवसांत क्रोनश्टाट या नौदल तळावरच्या खलाशांचं बंड चिरडलं गेलं. बाजार सैल करतो म्हणून राजकारण आवळायचं, हे गणित डंग यांनी शोधलेलं नाही.

विरोधी बाजूचं सर्वांत चांगलं उदाहरण हंगेरी. १९६८ पासून तिथे नियोजनाची पकड सैल केली गेली, जोडधंद्यांना वाव मिळाला, आणि पक्षातलेच अर्थतज्ज्ञ पुढे राजकीय बदलाची भाषा बोलू लागले. तिथे सुधारणांनी माणसं आणि सवयी तयार केल्या, हे नाकारता येत नाही. तरी ती माणसं वीस वर्षं थांबून राहिली, मॉस्कोचा हात निघेपर्यंत.

तैवान आणि दक्षिण कोरियाचा दाखला हमखास दिला जातो: श्रीमंत झाले आणि लोकशाही आली, १९८७ च्या सुमारास दोघांतही. खरं आहे. पण तिथल्या हुकूमशाह्यांना अमेरिकेच्या आश्रयाची गरज होती, तैवानमध्ये स्थानिक निवडणुका आधीपासून होत होत्या, आणि कोरियात विद्यार्थी आणि कामगार वर्षानुवर्षं रस्त्यावर मार खात होते. नुसत्या दरडोई उत्पन्नाने काम झालं नाही.

म्हणून एखाद्या देशातल्या सुधारणांची बातमी आली, की मी विकासदर नंतर बघतो. आधी एकच गोष्ट बघतो: पक्षाच्या परवानगीशिवाय हजार माणसांना एकत्र नोंदणी करता येते का? व्हिएतनाम घ्या. डिसेंबर १९८६ पासून तिथे दोई मोई, म्हणजे नूतनीकरण चालू आहे. १९८९ पर्यंत तांदूळ आयात करणारा देश निर्यातदार झाला होता. १९९० मध्ये पक्षाच्या सर्वोच्च समितीतले, म्हणजे पॉलिट ब्यूरोतले, चान शुआन बाक यांनी राजकीय बहुविधतेची भाषा केली आणि त्यांना पदावरून काढलं गेलं. पुढे युरोपशी झालेल्या व्यापार कराराला मंजुरी मिळायची असताना २०१९ च्या कामगार कायद्यात सरकारी संघटनेबाहेरच्या कामगार संघटनांची तरतूद आली. कायदा जानेवारी २०२१ पासून लागू झाला. नोंदणी कशी करायची याचे नियम मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं रखडत राहिले, आणि नियमच नाहीत म्हटल्यावर नोंदणीचा अर्ज करायचा कुठे?