किराणा साखळ्यांमधली स्पर्धा आणि सरकारी धोरण

एका मालकाची, एका नावाची, गावोगावी पसरलेली किराणा दुकानं म्हणजे किराणा साखळी. कोल्हापुरात तिला सरसकट ‘मॉल’ म्हणतात, मग इमारत एकमजली का असेना. या साखळ्यांची आपसात आणि गल्लीतल्या दुकानांशी जी स्पर्धा चालते तिच्यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. स्पर्धा कायदा २००२, परकीय गुंतवणुकीचे नियम, वजनमापांचा कायदा, जीवनावश्यक वस्तू कायदा असे तुकडे एकत्र शिवून जी गोधडी होते तिलाच धोरण म्हणायचं. ब्रिटनमध्ये मोठ्या सुपरमार्केटांनी माल पुरवणाऱ्यांशी कसं वागावं याची संहिता २०१० पासून आहे, ऑस्ट्रेलियानं तशी संहिता एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली. आपल्याकडे तसलं काही नाही.

उगम कुठून धरायचा यावर एकमत नाही. काहीजण थेट कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत मागं जातात, कारण चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांनी ‘संभूय’ म्हणजे संगनमत करून माल अडवला किंवा भलत्या भावानं विकला तर हजार ‘पण’ (तेव्हाचं नाणं) दंड सांगितलाय. ग्रंथाचा काळही वादाचा: परंपरेनं तो इ.स.पू. चौथ्या शतकातला, पण आजचा मजकूर इ.स.च्या पहिल्या दोन-तीन शतकांत घडला असावा हे मत जास्त पटण्यासारखं आहे. आणि त्याच प्रकरणात स्वदेशी मालावर शेकडा पाच, परदेशी मालावर शेकडा दहा नफा ठरवून दिलाय, म्हणजे हे खरं तर भावनियंत्रण झालं, त्याला स्पर्धा धोरण म्हणणं जरा ओढूनताणूनच. दुसरं मत राज्यघटनेच्या कलम ३९ पासून सुरुवात धरतं (संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये), तिथून १९६४ चा मक्तेदारी चौकशी आयोग आणि १९६९ चा एमआरटीपी (मक्तेदारी रोखणारा) कायदा. पण त्या कायद्यापुढं बडी उद्योगघराणी होती, किराणा कुणाच्या डोक्यातही नव्हता.

किराण्यापुरतं बोलायचं तर तिसरा धागा जास्त जवळचा वाटतो, तो म्हणजे ग्राहक सहकार. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव भडकू नयेत म्हणून केंद्रानं ग्राहक भांडारांची योजना आणली, म्हणजे व्यापाऱ्याला दंड करायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरं दुकान उभं करायचं. कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही, राजारामपुरीत एका चौकाचं नावच जनता बझार चौक आहे, आणि तात्यासाहेब कोऱ्यांच्या वारणानगरचा वारणा बझार तर खेड्यात सहकारी साखळी चालवून दाखवलेलं उदाहरण. जाताजाता, स्पर्धा कायद्यातल्या ‘व्यक्ती’च्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, म्हणजे बझारला वेगळी सूट नाही.

आताचा स्पर्धा कायदा राघवन समितीच्या अहवालावर (२०००) उभा आहे. तो राबवणारा भारतीय स्पर्धा आयोग २००३ मध्ये झाला, पण संगनमत आणि वर्चस्वाच्या गैरवापराची कलमं २० मे २००९ पासून आणि विलीनीकरणाची १ जून २०११ पासून लागू झाली. दुकानदारांची नेहमीची तक्रार असते ‘मॉलवाले तोट्यात विकतात’, तिला कलम ४ मध्ये (वर्चस्वाचा गैरवापर) जागा आहे पण दार अरुंद आहे. आधी विकणाऱ्याचं बाजारात वर्चस्व दाखवायचं, मग भाव खर्चाच्या खाली आहे हे दाखवायचं (खर्च म्हणजे साधारणपणे सरासरी बदलता खर्च, मालाच्या प्रमाणात वाढणारा-घटणारा), आणि वर स्पर्धकाला संपवायचा हेतूही. तक्रार बहुतेक वेळा पहिल्याच मुद्द्यावर अडते, आणि दुसराही दाखवणं सोपं नाही. गल्लीतला दुकानदार डिस्ट्रिब्युटरकडून माल घेतो, साखळी थेट कंपनीकडून घेते, त्यामुळं डिटर्जंटच्या पुड्यावरची ऑफर बघून दुकानदारच रविवारी पिशवी घेऊन मॉलच्या रांगेत उभा राहतो, त्याला तिथला किरकोळ भाव डिस्ट्रिब्युटरच्या भावापेक्षा स्वस्त पडतो. त्याच्या दृष्टीनं हा तोट्यातला भाव, साखळीच्या वहीत मात्र नफाच. डिसेंबर २०२१ मध्ये वितरकांच्या देशपातळीवरच्या संघटनेनं कंपन्यांकडं मागणी केली ती याच फरकाबद्दल, आम्हाला आणि मोठ्यांना एकच भाव द्या अशी.

सगळ्यात घोळाचा शब्द म्हणजे ‘संबंधित बाजारपेठ’. वर्चस्व कशात, हे ठरवायला आधी बाजाराची हद्द आखावी लागते, वस्तूची आणि भूगोलाची दोन्ही. कसोटी साधारण अशी: भाव पाच-दहा टक्के वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल का? जात असेल तर ते ‘दुसरीकडं’ पण त्याच बाजारात धरायचं. २०१४ च्या एका आदेशात आयोगानं ऑनलाइन आणि दुकान हे एकाच बाजाराचे दोन मार्ग मानले. किराण्यात ही रेघ वस्तूगणिक हलते. साबण, बिस्किटं, तेलाचं पाकीट यांत मॉल आणि गल्लीतलं दुकान एकमेकांची जागा सहज घेतात. पण उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची असते तेव्हा घरातल्या बायका मिरचीचं देठ मोडून, वास घेऊन, ब्याडगी किती आणि तिखटाची किती ते ठरवून लक्ष्मीपुरीसारख्या बाजारातनं घेतात आणि डंकावर कांडून आणतात, तिथं मॉलमधलं दोनशे ग्रॅमचं पाकीट पर्याय होत नाही. आणि महिनाअखेरीला उधारीची वही ज्याच्याकडं, त्याच्याकडंच माल घेतला जातो, भाव दोन रुपये जास्त का असेना. भूगोलाचंही तसंच, अख्खा देश एक बाजार धरला तर कुणाचंच वर्चस्व दिसत नाही, शहर किंवा उपनगर धरलं तर चित्र पालटतं. किराण्याला तरी स्थानिक हद्दच योग्य वाटते, दहा किलो तांदळासाठी कोण इचलकरंजीहून कोल्हापूरला येतंय.

विलीनीकरणात गाजलेलं प्रकरण फ्युचर समूहाचं. ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सनं त्याचा किरकोळ विक्रीचा व्यवसाय २४,७१३ कोटींना घ्यायचं जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये आयोगानं मंजुरीही दिली, पण तिकडं अॅमेझॉनशी भांडण पेटलं. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगानं अॅमेझॉनला फ्युचरच्याच एका कंपनीतल्या गुंतवणुकीसाठी २०१९ साली दिलेली मंजुरीच स्थगित ठेवून २०२ कोटींचा दंड लावला, आणि एप्रिल २०२२ मध्ये तारण असलेल्या कर्जदात्यांनी विरोधात मत दिल्यावर रिलायन्सचा सौदाही बारगळला. लहान सौदे मात्र आयोगापर्यंत पोचतच नाहीत. २०२४ च्या अधिसूचनेनुसार विकल्या जाणाऱ्या व्यवसायाची भारतातली मालमत्ता ४५० कोटींच्या किंवा उलाढाल १,२५० कोटींच्या आत असली की सहसा विचारावं लागत नाही. म्हणजे जिल्ह्यातलं दोन-चार शाखांचं सुपरमार्केट उद्या मोठ्या साखळीनं घेतलं तर दिल्लीत कागदही हलणार नाही.

अनेक ब्रँडचा माल विकणाऱ्या अशा दुकानांतल्या परकीय गुंतवणुकीला सप्टेंबर २०१२ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत दार उघडलं, पण राज्याची संमती, किमान १० कोटी डॉलर, ३० टक्के खरेदी लहान उद्योगांकडून आणि दहा लाखांवर लोकसंख्येचं शहर अशा अटी होत्या. महाराष्ट्रानं संमती दिली, पण २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे पहिल्या नियमातनं बाहेरच. पुढच्या वर्षी राज्यांना इतर शहरं ठरवायची मुभा मिळाली.

‘साखळी किरकोळ विक्रेता’ हा वेगळा वर्ग म्हणून सरकारी कागदात ठळक दिसतो तो स्पर्धा कायद्यात नाही, साठा मर्यादेच्या आदेशात. जून २०२३ च्या गव्हाच्या आदेशात साध्या दुकानाला १० टन, मोठ्या साखळीला प्रत्येक दुकानाला १० टन आणि सगळ्या डेपोंत मिळून ३,००० टन. त्याच महिन्यात तूर-उडदासाठी हेच आकडे दुकानाला ५ आणि डेपोत २०० टन असे होते.