ॲपल टू : विस्तार कार्डे

ॲपल टू हा घरगुती संगणक एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कम्प्युटर फेअरमध्ये प्रथम लोकांसमोर आला. त्याचे झाकण हाताने उचलता येई आणि आत मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डच्या) मागच्या कडेला आठ स्लॉट ओळीने दिसत. स्लॉट म्हणजे संगणकाला नवी क्षमता देणारी विस्तार कार्डे बसवण्याच्या खाचा. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्झ यांच्या मते प्रिंटर आणि मोडेम यांसाठी दोनच पुरेसे होते. संगणकाची रचना करणारे स्टीव्ह वॉझ्नियाक मात्र आठांवर अडून बसले. त्यांचा हा हट्ट या यंत्राचा खरा आधार ठरला. ॲपल टूई हे पुढचे मॉडेल १९९३ पर्यंत बनत राहिले, त्यात या स्लॉटांचा वाटा मोठा आहे.

मूळ पडद्यावर एका ओळीत ४० अक्षरे बसत, तीही फक्त कॅपिटल. साधे पत्र लिहायलाही हे तोकडे पडे. व्हिडेक्स कंपनीचे व्हिडिओटर्म कार्ड बहुधा ३ क्रमांकाच्या स्लॉटमध्ये बसवत. ‘पीआर#३’ असा आदेश दिला की ८० अक्षरांची ओळ उमटे, लहान अक्षरांसकट. कार्डावर स्वतःची मेमरी होती आणि चित्रही ते स्वतःच तयार करी. घरच्या टीव्हीवर इतकी बारीक अक्षरे फुटत, म्हणून एकरंगी मॉनिटर घ्यावा लागे.

मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये आणलेल्या सॉफ्टकार्डवर चक्क दुसरा प्रोसेसर होता, झेड-८०. त्याच्या जोरावर ॲपलवर सीपी/एम ही ऑपरेटिंग प्रणाली आणि वर्डस्टारसारखे लेखनाचे प्रोग्राम चालू लागले. कीबोर्ड, पडदा आणि डिस्क यांची कामे तेव्हाही ॲपलचा मूळचा प्रोसेसर, ६५०२, हाच करी.

वेग वाढवणे सर्वांत अवघड होते. ६५०२ चा वेग साधारण १ मेगाहर्ट्झ. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याच्या (आवर्तनाच्या) अर्ध्या वेळात प्रोसेसर मेमरी वापरी, उरलेल्या अर्ध्यात पडद्याचे परिपथ तीच मेमरी वाचत. ही रचना अतिशय देखणी आहे, पण त्यामुळे नुसता जलद प्रोसेसर लावून भागत नसे. अप्लाइड इंजिनिअरिंग या कंपनीच्या ट्रान्सवॉर्प कार्डावर (१९८६) सुमारे ३.६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि त्याची स्वतंत्र जलद मेमरी होती. पडद्यावर दिसायचे ते मात्र मदरबोर्डच्या मेमरीतही, जुन्याच वेगाने, लिहावे लागे.

डिस्क ड्राइव्हचा प्रश्न त्याहून नाजूक. वॉझ्नियाक यांनी ड्राइव्हचे बरेचसे हार्डवेअर वाचवून ते काम प्रोग्रामवर सोपवले होते. फिरत्या डिस्कवरचे बिट कधी उचलायचे, हे प्रोग्राममधल्या सूचना पार पाडायला प्रोसेसरला लागणाऱ्या वेळेवरून ठरे. प्रोसेसर वेगाने धावला तर हा हिशेब कोलमडे. म्हणून प्रोग्रामने डिस्कच्या स्लॉटशी संपर्क साधताच अ‍ॅक्सिलरेटर (वेग वाढवणारे कार्ड) तेवढ्यापुरता १ मेगाहर्ट्झवर उतरे. कोणत्या स्लॉटसाठी वेग कमी करायचा, ते कार्डावरच्या बारीक स्विचांनी ठरवता येई.

पुढे आलेल्या झिप चिपला स्लॉट लागतच नसे. मूळ प्रोसेसर सॉकेटमधून उपटायचा आणि त्याच ४० पायांच्या जागी ही चिप दाबून बसवायची. त्यामुळे स्लॉट नसलेल्या ॲपल टूसी या मॉडेललाही ४ मेगाहर्ट्झचा वेग मिळाला.