जाराला बांधलेली चप्पल

गाय व्याली, वासरू उभं राहिलं, चीक काढून झाला. जार, म्हणजे पोटात वासराभोवती असलेलं आवरण, मात्र लोंबतोच आहे. मग कुणीतरी म्हणतं, वजन बांधा, ओढ बसेल. आणि जाराला जुनी चप्पल नाहीतर दगड लटकतो.

जार काही एकाच जागी चिकटलेला नसतो. गाईच्या गर्भाशयात साधारण 70 ते 120 बोंडांसारख्या गाठी असतात आणि प्रत्येकीत जाराची बारीक मुळं रुतलेली असतात. ती चपलेच्या वजनाने सुटत नाहीत, तुटतात. सोडवायचं काम गाईच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं. व्यायच्या सुमारास त्या जाराला परका म्हणून ओळखतात, पकड सैल करतात, आणि सहसा 12 तासांच्या आत जार पडतो.

याच पेशींकडे दुसरंही काम असतं. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक गाईच्या गर्भाशयात जिवाणू शिरतात, गोठा कितीही झाडलेला असो. तरी बहुतेक गाई ते स्वतःच निपटून काढतात. नऊ-दहा किलोचं गर्भाशय महिन्याभरात किलोच्या आत येतं. पण व्यायच्या दिवसांत गाय खाते कमी आणि दुधात कॅल्शियम, ताकद ओतते जास्त. त्यात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमही कमी पडलं की पांढऱ्या पेशी मंदावतात. म्हणजे अडकलेला जार हा नुसता आजार नाही, आतली फौज थकल्याची खबर आहे.

शिरणाऱ्या जिवाणूंत आधी येतो ई. कोलाय. मागोमाग ट्रूपेरेला पायोजेनिस, खरा पू करणारा. त्याचं पायोलायसिन नावाचं विष पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं. गर्भाशयाचं वरचं अस्तर त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. अस्तर सोललं की खालच्या पेशी मात्र सहज बळी पडतात. जार ओढताना आपण नेमकं हेच अस्तर फाडून ठेवतो.

मग तांबूस, पाण्यासारखा, घाणेरड्या वासाचा स्राव येतो, ताप चढतो, दूध आटतं. कधी यातलं काहीच दिसत नाही. तीन आठवड्यांनंतरही सोटात, म्हणजे माजाच्या चिकट स्रावात, पांढरे धागे राहतात, गाय उलटत राहते, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाही, आणि बोल लागतो बिचाऱ्या रेतन करणाऱ्याला!

जार शेणात लोळत असेल तर लोंबता भाग डॉक्टरांकडून कापून घ्यावा. रोज ताप मोजावा. 103 अंश फॅरनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरांना बोलवायला थांबू नये.

आणि उघड्या हाताने जाराला शिवू नये. सहाव्या महिन्यानंतर गाय गाभडली आणि जारही अडकला, तर ब्रुसेलाचा संशय घ्यावा. हा जिवाणू माणसालाही धरतो. उलटून उलटून ताप येतो, सांधे धरतात. असा जार चुना टाकून खोल पुरावा, कुत्र्यांपुढे टाकू नये. ब्रुसेलाची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. ते वय निघून गेलं की ही संधी पुन्हा येत नाही.