पाणचक्कीची नहर आणि मलिक अंबरची नहर

जालन्याहून मावशी आली की पाणचक्कीची फेरी ठरलेली. या वेळी हौदाच्या काठावर बसून ती शेजारच्या बाईंना सांगत होती, "हे समदं मलिक अंबरनं बांधलं." मी म्हटलं, "मावशे, अंबर १६२६ लाच गेला. ही चक्की त्याच्या कितीतरी नंतरची."

ही गल्लत आमच्या छत्रपती संभाजीनगरातही रोज ऐकू येते आणि मला ती खुपते. ही पाणचक्की आणि अंबरची नहर, म्हणजे त्यानं गावासाठी जमिनीखालून आणलेली पाण्याची वाट, अशा दोन वेगळ्या करामती एकाच नावावर जमा होतात आणि त्यातली मोठी तर कुणाला बघावीशीच वाटत नाही.

पाणचक्कीचं आधी सांगतो. खाम नदीकाठचं हे आवार मध्य आशियातून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं. ते १७ व्या शतकाच्या अखेरीपासून १८ व्या शतकात टप्प्याटप्प्यानं वाढलं. दर्ग्यात उतरणारे फकीर, यात्रेकरू, शिकणारी मुलं यांच्या भाकरीचं पीठ इथं दळलं जाई. पाणी यायचं हर्सूलच्या बाजूच्या विहिरीतून, मातीच्या बंद नळांतून. उगम उंचावर आणि नळ बंद, त्यामुळे पाण्यात जोर टिकायचा. त्याच जोरावर ते शेवटी उंच भिंतीत चढायचं आणि माथ्यावरून हौदात कोसळायचं. त्याच पाण्यानं खालचं पातं फिरतं, पात्याच्या दांड्यानं दगडी जात्याची वरची तळी फिरते, खालची तळी जागची हलत नाही. घरच्या जात्यासारखंच, फक्त खुंट्याला हात लागत नाही. हौदाच्या खाली मोठं दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचं छत. भर उन्हाळ्यात तिथं उतरलं की अंगाला गारवा लागतो.

अंबरच्या नहरीला चक्कीशी काही देणंघेणं नव्हतं. निजामशाहीचा हा हबशी वजीर. १६१० मध्ये त्यानं खडकी, म्हणजे आजचं आमचं हेच शहर, वसवली, तेव्हा प्रश्न होता अख्ख्या गावाच्या पाण्याचा. त्यानं नदीचं वाहतं पाणी अडवण्यापेक्षा जमिनीत मुरलेलं पाणी धरलं. उत्तरेकडे, हर्सूलच्याच बाजूच्या खोऱ्यात खोल बोगदा खणला, त्यात पाणी पाझरत जमा होई आणि उतारानं गावाकडे येई. मधे मधे वरून तोंडं ठेवली, म्हणजे माणूस उतरून गाळ काढू शकेल. पाणी वर चढवायचं नाही, पंप नाही, मोट नाही. गावाचं नाव पुढे फत्तेनगर झालं, औरंगाबाद झालं. नव्या नहरी होत गेल्या, पाणचक्कीची त्यांतलीच एक. पण वाट दाखवली ती अंबरनं.

आज आमच्या नळाला पैठणच्या जायकवाडीचं पाणी येतं, तेही पंपानं चढवून, आणि कित्येक वस्त्यांत दिवसांच्या अंतरानं. पाणचक्कीला दर्गा आहे, हौद आहे, वडाचं जुनं झाड आहे, म्हणून माणसं येतात. अंबरची नहर मात्र जमिनीखाली. तिच्या तोंडांवर कुठं रस्ता आला, कुठं घरं आली, कुठं लोकांनी कचरा लोटला. दिसत नाही म्हणून तिची हेळसांड होते, असं मला वाटतं.

परतताना मावशीनं विचारलं, "मंग अंबरची नहर कुठंय रे?" आम्ही रिक्षा हर्सूलच्या रस्त्याला वळवली.