कॉइन पाठवले पण वॉलेटमध्ये दिसत नाहीत? दुकानात यायच्या आधी हे वाचा

एक्सचेंजवरून, म्हणजे जिथे कॉइन विकत घेतो त्या साइटवरून, कॉइन पाठवले, ॲप उघडलं आणि बॅलन्स शून्य, की आम्हाला लगेच फोन येतो, "मशीन खराब दिलंत काय?" मशीन म्हणजे आमच्याकडून घेतलेलं हार्डवेअर वॉलेट, कॉइनची चावी ठेवायचं छोटं डिव्हाइस. बहुतेक वेळा त्याला काही झालेलं नसतं. कॉइन त्या डिव्हाइसमध्ये येऊन बसतच नाहीत हो, ते ब्लॉकचेनवरच, म्हणजे नेटवरच्या सगळ्यांच्या सामायिक खातेवहीतच असतात, डिव्हाइसमध्ये फक्त चावी, त्यामुळे कॉइन आले तेव्हा ते कपाटात होतं की पावसात लाइट गेलेली होती, काही फरक पडत नाही.

पहिलं काम, एक्सचेंजच्या विथड्रॉवल हिस्टरीत जाऊन ट्रान्झॅक्शन आयडी, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर बघा. आयडीच नाही आणि नुसतं 'प्रोसेसिंग' दिसतंय, तर माल अजून तिकडून निघालाच नाही, एक्सचेंजच्या सपोर्टच्या मागे लागा. आयडी असला तर तो एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर टाका, इथेरियमला इथरस्कॅन, ट्रॉनला ट्रॉनस्कॅन, बिटकॉइनला मेमपूल डॉट स्पेस. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतो, पण फी कमी लागली असेल तर तास काय, कधी दिवसही जातात. 'अनकन्फर्म्ड' दिसलं तर थांबा, घाबरून पुन्हा पाठवू नका.

एक्सप्लोररवर कन्फर्म झालंय पण ॲपमध्ये नाही, ही खरी गंमत. आमच्याकडे सगळ्यात जास्त केस यूएसडीटीच्या (डॉलरच्या भावाला बांधलेला कॉइन), म्हणजे मुलगा बोटीवर किंवा गल्फला, तो तिकडून स्वस्त फी बघून बीईपी२० ने, म्हणजे बीएनबी स्मार्ट चेन या वेगळ्या नेटवर्कवरून पाठवतो आणि इकडे रत्नागिरीत वडील इथेरियमचं अकाउंट उघडून बसलेले. दोन्हीकडे ॲड्रेस तोच, ०एक्सने सुरू होणारा, म्हणून चूक लक्षातच येत नाही. पैसे बुडालेले नसतात, चावी तीच आहे, ॲपमध्ये बीएनबी स्मार्ट चेनचं अकाउंट ॲड केलं की दिसतात. फक्त तिथून हलवायला थोडं बीएनबी (त्या चेनचा स्वतःचा कॉइन) लागतं गॅससाठी, म्हणजे नेटवर्कच्या फीसाठी, ते नसेल तर पैसे दिसतात पण पाठवता येत नाहीत आणि मग परत आम्हाला फोन.

बिटकॉइनमध्ये अकाउंटचे प्रकार वेगळे, ३ ने सुरू होणारा ॲड्रेस एका अकाउंटचा, बीसी१क्यू वाला दुसऱ्याचा, तुम्ही भलतंच उघडलं असेल तर रिकामं दिसणार. आणि पासफ्रेज, म्हणजे २४ शब्दांच्या वर लावलेला जादा पासवर्ड, लावला असेल तर जरा जपून, चुकीचा टाकला तरी 'चुकीचा' असं मशीन सांगत नाही, गुपचूप दुसरं रिकामं वॉलेट उघडून देतं. एक कॅपिटल अक्षर किंवा शेवटची एक स्पेस पुरते. परवा एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करत होता, तेवढंच कारण निघालं.

कधी कधी नेटच लंगडत असतं, ॲप सिंक होत नाही. ॲप अपडेट करा, दुसऱ्या नेटवर बघा. मशीन कनेक्टच होत नसेल तर केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलने चालत नाही. किनाऱ्याजवळच्या घरात यूएसबीच्या तोंडाला खारी हवा लागून हिरवट गंज चढतो, तो आम्ही साफ करून देतो.

एक्सप्लोररवरचा 'टू', म्हणजे पैसे जिथे गेले तो ॲड्रेस (यूएसडीटीसारख्या टोकनला टोकन ट्रान्सफरच्या ओळीतला 'टू') डिव्हाइसच्या स्क्रीनवरच्या ॲड्रेसशी अक्षर अन् अक्षर जुळवा, नुसती पहिली-शेवटची चार नकोत. जुळला नाही तर कॉपी-पेस्ट करताना व्हायरसने ॲड्रेस बदललेला असू शकतो, कन्फर्म झालेले पैसे परत खेचता येत नाहीत, लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा आणि तो कॉम्प्युटर वापरणं बंद करा.

टेलिग्रामवर 'रिकव्हरी करून देतो' म्हणणारे सगळे २४ शब्दच मागतात, म्हणजे मशीन सुरू करताना लिहून ठेवलेले, ज्यांच्यावरून तुमची चावी परत बनते ते. देऊ नका, आम्ही मागितले तरी देऊ नका.

दुकानात येताना डिव्हाइस, केबल, मोबाइल आणि ट्रान्झॅक्शन आयडी आणा. शब्दांचा कागद घरीच ठेवा, तोही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आपल्याकडे जुलैत कागदाला बुरशी येते.