जिप्समच्या थरावरचं गोडं पाणी

थरच्या वाळवंटात, जैसलमेरच्या बाजूला, वर्षाकाठी सरासरी 200 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. तेवढा जमायला जैसलमेरला पाच पावसाळे तरी लागतात. जमिनीखाली पाणी आहे, पण कित्येक ठिकाणी ते 100 मीटरहून खोल आणि तोंडात धरवणार नाही इतकं खारट. तरीही इथे माणसं गुरंढोरं सांभाळत शेकडो वर्षं राहिली, कारण काही पट्ट्यांत वाळूच्या खाली जिप्समचा कडक थर आहे. कुठे तो पाच-सहा मीटरवर लागतो, कुठे वीस-पंचवीस मीटरवर.

पावसाचं पाणी वाळूत चटकन मुरतं आणि या थरापाशी येऊन अडतं. खालच्या खाऱ्या पाण्यात ते मिसळत नाही. पण मग उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या वर गेल्यावर, ते उडून कसं जात नाही? आपली काळी माती सुकली की आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि त्यांतून आतली ओल निघून जाते. वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, त्यामुळे भेगाही पडत नाहीत. शिवाय कणांमधल्या फटी मोठ्या असल्याने पाणी केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, फार वर चढू शकत नाही. वरचा थोडा थर कोरडाठक झाला, की तोच खालच्या ओलीवर पांघरूण बनून राहतो. स्थानिक लोक या अडलेल्या ओलीला 'रेजाणी पाणी' म्हणतात.

ते काढायचं साधन म्हणजे बेरी, काही भागांत कुईं. विहिरीपेक्षा ही कितीतरी अरुंद, एक माणूस जेमतेम उकिडवा बसेल एवढीच. ओल चहूबाजूंनी थेंबाथेंबाने पाझरते आणि दिवसभरात दोन-तीन घडे भरतात. घेर मोठा ठेवला, तर तेवढं पाणी तळाशी पसरून राहील, पोहऱ्यात येणारच नाही. खणणाऱ्याला चेजारो म्हणतात. कुदळ फिरवायला जागा नसते, म्हणून तो आखूड दांड्याच्या बसौलीने खणतो. खोल गेल्यावर आत उकाड्याने जीव घुसमटतो. तेव्हा वरची माणसं मुठी-मुठीने वाळू जोरात खाली फेकतात. पडणारी वाळू वरची ताजी हवा आपल्यासोबत खाली ओढते, आणि वाळूचा मार बसू नये म्हणून चेजारोच्या डोक्यावर धातूचं भांडं असतं. भिंत ढासळू नये म्हणून दगड किंवा लाकूड रचतात, पण सांधे बुजवत नाहीत, कारण पाणी त्या फटींतूनच येतं.

बेरी ज्या त्या कुटुंबाची असते, जमीन मात्र गावाची. नवी बेरी खणायची तर गावाची संमती लागते, कारण प्रत्येक नव्या बेरीत उतरणारी ओल आधीच्या बेऱ्यांच्या वाट्यातून येते. भूजलाच्या हिशेबाची इतकी नेमकी समज मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे शेजाऱ्याशेजाऱ्यांत खोल बोअर मारण्याची चढाओढ लागते, तेव्हा हीच समज हरवलेली असते.

बाहेरून आलेल्या पाण्याला मात्र हाच थर भारी पडला. 1958 साली काम सुरू झालेल्या, आज इंदिरा गांधी कालवा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कालव्याने सतलज-बियासचं पाणी वाळवंटात आणलं. पिकं उभी राहिली. पण जिथे कडक थर उथळ होता, तिथे सिंचनाचं पाणी खाली झिरपेना. ते वर चढत आलं आणि शेतं पाणथळ व खारट झाली. त्याला तिथे 'सेम' म्हणतात. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेर जिल्ह्यात वर्षभराच्या सरासरीहून जास्त पाऊस काही दिवसांतच पडला. शंभराहून अधिक माणसं दगावली. कवास गावात पाऊस थांबल्यावरही पाणी कित्येक महिने हटेना, कारण खालचं जिप्सम ते मुरू देईना.

आता कालव्याचं पाणी बऱ्याच गावांत पोचलं आहे आणि अनेक बेऱ्या वाळूने भरून गेल्या आहेत. पण दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर डागडुजीसाठी कालवा काही आठवडे बंद ठेवतात. या नहरबंदीत ज्यांनी आपली बेरी उपसून, झाकण घालून नीट राखली आहे, त्यांना टँकरची वाट बघत बसावं लागत नाही.