अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचे ऑनलाइन माहितीशोध प्रशिक्षण

तांत्रिक प्रश्नासाठी शोधनिबंध, मानके, पेटंट आणि प्रबंध हुडकणे, पारखणे व योग्य संदर्भ देऊन वापरणे, हे विद्यार्थ्यांना दूरस्थ पद्धतीने शिकवण्याची प्रक्रिया. ग्रंथपाल आणि प्रोजेक्ट गाईड यांनी ते मिळून शिकवायचे असते. विज्ञान व अभियांत्रिकीसाठी माहिती साक्षरतेची स्वतंत्र मानके अमेरिकेतील ग्रंथालय संघटनेने २००६ मध्ये तयार केली.

पहिल्या वर्षाच्या स्वागत कार्यक्रमात उरकलेले प्रशिक्षण वाया जाते, कारण तेव्हा विद्यार्थ्यापुढे प्रश्नच नसतो. प्रोजेक्टचा विषय ठरल्यावर, लिटरेचर सर्व्हे, म्हणजे आधी झालेल्या कामाचा आढावा, सुरू होण्याच्या आठवड्यात ते द्यावे.

सुरुवात प्रश्नापासून होते. ‘फ्लाय ॲश काँक्रीट’ हा प्रश्न नव्हे. ‘सिमेंटच्या जागी ३० टक्के फ्लाय ॲश घातल्यास काँक्रीटची २८ दिवसांची कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ किती राहते?’ हा प्रश्न (कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ म्हणजे दाब सोसण्याची ताकद). त्यातल्या संकल्पना सुट्या करून प्रत्येकीखाली पर्यायी शब्द लिहायचे. चंद्रपूर किंवा परळीच्या औष्णिक केंद्रातली राख सगळे फ्लाय ॲश म्हणूनच ओळखतात, पण तिचे भारतीय मानक, आयएस ३८१२, ‘पल्व्हराइज्ड फ्युएल ॲश’ या नावाचे आहे. शीर्षकांत फक्त ‘फ्लाय ॲश’ शोधणाऱ्याच्या हाती ते लागत नाही.

मग शोधसूत्र बांधायचे (टंकताना अर्थातच रोमन लिपीत): (“फ्लाय ॲश” ऑर “पल्व्हराइज्ड फ्युएल ॲश”) अँड काँक्रीट अँड “कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंग्थ”. सर्वाधिक चुका कंसात होतात. ‘ऑर’ने जोडलेल्यांपैकी कोणताही एक शब्द चालतो, ‘अँड’ने जोडलेले सगळे लागतात. अनेक डेटाबेस (निबंधांच्या ऑनलाइन नोंदसूची) ‘अँड’ आधी सोडवतात. कंस गाळला की पहिला शब्द मोकळा सुटतो आणि राखेच्या विटांपासून शेतजमिनीपर्यंत सगळे निबंध यादीत येतात. उलट, अख्खे वाक्य चिकटवले की निकाल शून्यावर येतो आणि ‘या विषयावर कामच झालेले नाही’ असा चुकीचा निष्कर्ष अहवालात उतरतो.

पेटंटमध्ये शब्दांवर विसंबू नये. दावे व्यापक करण्यासाठी भाषा मुद्दाम मोघम ठेवलेली असते. तिथे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा क्रमांक धरावा. बांधकाम मिश्रणातील फ्लाय ॲशसाठी तो सी०४बी १८/०८ आहे. मानकांत वर्ष तपासणे सक्तीचे. काँक्रीट मिक्स डिझाइनचे (घटकांचे प्रमाण ठरवण्याचे) आयएस १०२६२ हे मानक १९८२ चे; ते २००९ आणि २०१९ मध्ये सुधारले गेले. सीनियरच्या अहवालातून उचललेल्या संदर्भात जुनीच आवृत्ती राहते आणि गणितही जुन्या पद्धतीने होते. भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर नोंदणी केल्यास बहुतेक भारतीय मानके विनाशुल्क उतरवता येतात, तेव्हा मूळ प्रत उघडून पाहावी.

ऑनलाइन वर्गाची खरी अडचण ही, की विद्यार्थी काय टंकतो ते शिक्षकाला दिसत नाही. त्यावर उपाय शोधवहीचा. एका साध्या स्प्रेडशीटमध्ये तारीख, डेटाबेस, जसेच्या तसे शोधसूत्र, निकालांची संख्या, ठेवलेले निबंध आणि पुढच्या वेळी सूत्र का बदलले, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. एकच ओळ भरलेली वही म्हणजे शोध पहिल्याच पानावर थांबला. गुण शोधवहीला द्यावेत. बहुपर्यायी चाचणीत सूत्र बांधता येते की नाही हे कळत नाही. व्हिडिओ सहा-सात मिनिटांचेच ठेवावेत, मोबाइलवर पाहणाऱ्यांना तेवढेच पेलते. उरलेला वेळ चौघांच्या एकेका प्रोजेक्ट गटाला वीस मिनिटे स्क्रीन शेअर करून शोधवही तपासण्यासाठी द्यावा.

दुसरा अडथळा प्रवेशाचा. बऱ्याच डेटाबेसची वर्गणी कॉलेजच्या आयपी पत्त्याला, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला, बांधलेली असते. घरून उघडले की निबंधाची किंमत दिसते आणि ‘आपल्याकडे हे नाही’ असे समजून मुले सोडून देतात. म्हणून रिमोट लॉगिन, म्हणजे घरून कॉलेजच्या वर्गणीत शिरण्याची सोय, पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून उघडून घ्यावे. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही जर्नलांच्या सामाईक राष्ट्रीय वर्गणीची योजना पहिल्या टप्प्यात सरकारी संस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालये खासगी असल्याने तिथे शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंध आणि मुक्त प्रवेशाची (विनाशुल्क वाचता येणारी) जर्नले यांवरच भर द्यावा लागतो.

एआय साधनांनी दिलेले संदर्भ अनेकदा अस्तित्वातच नसतात: लेखक खरा, जर्नल खरे, निबंध मात्र बनावट. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे निबंधाचा १० आणि टिंबाने सुरू होणारा कायमचा ओळखक्रमांक, डीओआयच्या संकेतस्थळावर टाकून उघडणारे शीर्षक अहवालातल्या शीर्षकाशी ताडून पाहावे.